कोळशी, फ्लोरिडा आणि अमरावती रोड

संत्र्याला कोळशी लागली की आधी पानाच्या पाठीवर काळी माशी दिसते. तिची पिल्लं रस शोषतात, चिकट गोड पाणी टाकतात, त्या पाण्यावर बुरशी चढते आणि बघता बघता सगळी बाग कोळशाच्या वखारीतून काढल्यासारखी काळी होते. कळमेश्वर, काटोल, नरखेड, वरुड या पट्ट्यात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. आजच्या वाचकाला सांगावं लागेल ते वेगळंच. १९९९-२०००च्या सुमारास या पट्ट्यातला एखादा कॉलेजात जाणारा मुलगा बापाच्या बागेतल्या कोळशीवर उपाय शोधायला नागपूरच्या सीताबर्डीवरच्या सायबर कॅफेत शिरला, तर त्याच्यापुढे काय वाढून ठेवलेलं असे?

पहिली अडचण कीबोर्डवरच. 'कोळशी' हा शब्द टाइप करायची सोय नव्हती. तो रोमी अक्षरांत लिहून भागत नव्हतं, कारण त्या नावाने कुणी काही लिहूनच ठेवलेलं नव्हतं. 'ऑरेंज' लिहिलं तर कॅलिफोर्नियातला ऑरेंज परगणा यायचा, ब्रिटनची ऑरेंज नावाची मोबाइल कंपनी यायची. संत्र्याची पाळी फार उशिरा. काळ्या माशीला इंग्रजीत 'ब्लॅकफ्लाय' म्हणतात आणि संत्र्याच्या कुळाला 'सिट्रस', एवढं ठाऊक असेल तर मात्र दार उघडे, आणि ते थेट अमेरिकेत. फ्लोरिडा विद्यापीठाने शेतकऱ्यांसाठीची माहितीपत्रकं इंटरनेटवर लवकर आणली होती. ही माशी मूळची आशियातली. १९७६ मध्ये ती फ्लोरिडातल्या फोर्ट लॉडरडेलच्या परिसरात सापडली आणि तिच्यावर जगणाऱ्या चिमुकल्या परजीवी गांधीलमाश्या सोडून तिथल्या लोकांनी तिला आवर घातला. म्हणजे कीड आशियातून अमेरिकेला गेली आणि तिच्यावरचं शहाणपण टेलिफोनच्या तारेतून आशियात परत आलं.

आणि नागपुरात अमरावती रोडवर राष्ट्रीय लिंबूवर्गीय संशोधन केंद्र होतंच, १९८५ साली स्थापन झालेलं. कळमेश्वरहून गोंडखैरीमार्गे निघालं की तासाभरात त्याच्या फाटकाशी पोचता येतं. पण तिथलं ज्ञान बहुतेक अहवालांत, घडीपत्रिकांत आणि शास्त्रज्ञांच्या डोक्यात होतं. शोधयंत्राला त्या फाटकातून आत शिरता येत नव्हतं.

इंटरनेटच्या सुरुवातीच्या काळात माणसं माहिती कशी शोधत, हा या पुस्तकाचा विषय. मुंबई-पुण्याच्या संगणकवाल्यांनी या काळाबद्दल पुष्कळ लिहिलं आहे. त्यात बहुधा यंत्रांची कथा असते: कोणता मोडेम, कोणतं ब्राउझर, कोणती कंपनी किती कोटींना विकली गेली. प्रश्न घेऊन आलेला माणूस त्या कथेत सापडत नाही. लेखकाने तो शोधला आहे, म्हणून ही प्रस्तावना लिहायला मी आनंदाने तयार झालो. ती थोडी लांबणार आहे. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांच्या महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे पहिले पाच खंड नुसते प्रस्तावनेचे होते आणि त्यांचं ज्ञानकोश मंडळ नागपुरातच स्थापन झालं होतं. तेव्हा लांबणीसाठी मला या जिल्ह्यातच मोठा आधार आहे.

शोधयंत्रांचा पूर्वेतिहास पुस्तकात सविस्तर आला आहे, मी त्यावरून भरभर जातो. १९९० मध्ये कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात ॲलन एमटेज या विद्यार्थ्याने 'आर्ची' तयार केलं. ते फक्त फाइलींची नावं शोधायचं, आत काय लिहिलंय ते त्याला कळत नसे. भारतात त्या काळी 'एर्नेट'वरून, म्हणजे आयआयटी, भारतीय विज्ञान संस्था, मुंबईचं एनसीएसटी अशा मोजक्या संस्थांना जोडणाऱ्या जाळ्यावरून, कित्येकांना नुसती ई-मेल मिळायची. आर्चीला प्रश्न ई-मेलने धाडायचा आणि उत्तराची वाट बघायची, अशी सोय होती. पोस्टाने ज्ञानकोश मागवण्यासारखाच प्रकार, फक्त पोस्टमन जरा वेगात. मग १९९४ मध्ये स्टॅनफर्डच्या दोघा विद्यार्थ्यांनी 'याहू' काढलं आणि १९९५च्या डिसेंबरात डिजिटल या कंपनीचं 'अल्टाव्हिस्टा' आलं. या दोघांतला फरक मात्र सावकाश समजून घेण्यासारखा आहे.

याहू ही माणसांनी हाताने लावलेली सूची होती. देशाखाली राज्य, राज्याखाली शहर, शहराखाली शिक्षण, व्यापार, करमणूक. ज्याने वाचनालयात कार्डांचे खण उघडले आहेत त्याला ती लगेच उमजे. आपल्याकडे राजेश जैन यांनी १९९५ मध्ये 'इंडियावर्ल्ड' सुरू केलं. त्यातलं 'खोज' हे भारतीय पानांसाठी याच जातीचं काम करायचं. नोव्हेंबर १९९९ मध्ये सत्यम इन्फोवेने इंडियावर्ल्ड ४९९ कोटींना घेतलं आणि देशभरच्या वर्तमानपत्रांनी तो आकडा पहिल्या पानावर छापला. सूचीचा गुण हा की ज्याला नेमका शब्द माहीत नाही त्यालाही चालत चालत जवळपास पोचता येई. दोष हा की सूची लावणाऱ्याला जे गाव माहीत नाही ते सूचीत नाही. महाराष्ट्राखाली मुंबई होती, पुणं होतं, नागपूरही असे. कळमेश्वरचा खण कोण करणार होतं?

अल्टाव्हिस्टा पानांतला शब्द न् शब्द वाचून ठेवायचं. तिथे खण नव्हते; पण शब्द अचूक हवा, आणि तो देण्याचं एक व्याकरण होतं. अवतरणचिन्हांत घातलं की शब्द त्याच क्रमाने हवेत, अधिकचं चिन्ह लावलं की हा शब्द पाहिजेच, उण्याचं लावलं की हा नकोच. 'ऑरेंज' पाहिजे, 'नागपूर' पाहिजे, 'कौंटी' नको. ज्यांनी ते दिवस काढले आहेत त्यांच्या वहीच्या मागच्या पानावर ही चिन्हं लिहिलेली असत. १९९८ मध्ये गुगल आलं. कोणत्या पानाकडे किती आणि कोणती पानं बोट दाखवतात त्यावरून ते पानाची पत ठरवू लागलं, तशी ही चिन्हं लोक विसरले. मला वाटतं, नुकसान झालं. प्रश्न नीट मांडायची ती सवय पुन्हा कुणी लावून दिली नाही.

आता खर्चाकडे. १५ ऑगस्ट १९९५ला विदेश संचार निगमने मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासमध्ये सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सुरू केलं. स्वस्तातलं खातं नुसती अक्षरं दाखवायचं, चित्र नाही. १९९८च्या अखेरीस खासगी कंपन्यांना परवानगी मिळाली आणि मग मधल्या शहरांत कॅफे उगवले. छप्पन्न केबीपीएसचा मोडेम कागदोपत्री सेकंदाला सात हजार अक्षरं आणायचा. शंभर केबीचं एक चित्र उतरायला हिशेबाने पाव मिनिट, प्रत्यक्षात दुप्पट, आणि बाहेर पाऊस असला तर देवाची मर्जी. म्हणून जाणती माणसं ब्राउझरमधली चित्रं बंद करून ठेवत, पानं भराभर उघडून फोन तोडत आणि मग निवांत वाचत. कळमेश्वर नागपूरपासून वीस-पंचवीस किलोमीटरवर, इटारसीच्या रेल्वेमार्गावर. पण टेलिफोनच्या नकाशावर त्याचा एसटीडी कोड वेगळा, ०७११८; नागपूरचा ०७१२. मोडेमला हात लावण्याआधी बिल डोळ्यांपुढे येई. शिवाय भारनियमन होतंच.

त्यामुळे तालुक्याच्या गावात शोध ही एकट्याने करायची गोष्ट नव्हती, आणि पुस्तकातली सर्वांत जिवंत पानं याच गोष्टीची आहेत. प्लायवूडच्या खोक्यात संगणक, बाहेर दोनजण वाट बघत, आणि कॅफेवाला पोरगा हेच खरं शोधयंत्र. त्याला इंग्रजी बेताचं, पण कोणत्या पानावर काय मिळतं ते पाठ. गावातला माणूस प्रश्न मराठीत, खरं म्हणजे वऱ्हाडीत आणायचा. "काका, याले इंग्रजीत काय म्हणते?" हा त्याचा पहिला सवाल. काकांना ते ठाऊक असतं तर काका आले कशाला असते! मग शेजारच्या खोक्यातल्या बी.एस्सी.वाल्याला विचारायचं, त्याला नाही आलं तर कृषी केंद्रातल्या औषधाच्या डब्यावरचं नाव वाचून आणायचं. औषधाच्या नावावरून रोगाचं नाव, रोगाच्या नावावरून पान. उलट्या पावलांनी चाललेला हा शोध कुठल्याही ग्रंथपालाने शाबासकी द्यावी असा आहे.

दहावी-बारावीचे निकाल ऑनलाइन लागायला लागले तेव्हा या पोरांचं महत्त्व आणखी वाढलं. ज्या घरांत इंटरनेट हा शब्द कधी उच्चारला गेला नव्हता त्या घरांचा त्याच्याशी पहिला संबंध आला तो बैठक क्रमांक लिहिलेल्या चिठ्ठीतून. पान उघडेना झालं की गर्दी दारात तशीच उभी. छापील कागद हातात पडला की पेढे. माझ्या मते ग्रामीण महाराष्ट्राने इंटरनेटवर केलेला पहिला मोठा शोध हाच. आणि त्यात इंग्रजीची अडचण नव्हती, कारण शोधायचा होता तो आकडा.

इथे वारणेची आठवण काढली पाहिजे. १९९८ मध्ये कोल्हापूर-सांगलीकडच्या वारणा खोऱ्यातली ७० गावं संगणकाने जोडायचा प्रकल्प राष्ट्रीय सूचना केंद्र, राज्य सरकार आणि वारणा समूहाने हाती घेतला. जगाचं ज्ञान गावात येईल, असं तेव्हा बोललं गेलं. शेतकरी केंद्रावर आला तो मुख्यतः आपल्या उसाचं वजन, तोडणीची पाळी आणि खताचा हिशेब बघायला. पुढे २००६-०७ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी काही गावांत संगणकाऐवजी मोबाइलच्या एसएमएसवर तीच माहिती देऊन पाहिली आणि काम तेवढंच चाललं. काहीजण याला प्रकल्पाचं अपयश म्हणतात. मला तसं वाटत नाही. आपल्या शेताची, आपल्या मालाची माहिती आधी मागणं हे शहाणपण आहे. २०००च्या सुमारास 'ॲगमार्कनेट'वर बाजार समित्यांचे भाव येऊ लागले, तेही याच गरजेपोटी. ते चालवणाऱ्या विपणन व तपासणी संचालनालयाचं शाखा मुख्यालय नागपुरातच आहे. नागपुरातल्या कळमन्याच्या बाजारात आज संत्रं काय भावाने गेलं, हा प्रश्न फ्लोरिडाला विचारता येत नाही.

आता लेखकाशी माझा मतभेद. सुरुवातीचा काळ गुगल रुळल्यावर, २००१-०२च्या आसपास संपला, असं ते मानतात. इंग्रजीत शोधणाऱ्यापुरतं ते खरं असेल. मराठीत शोधणाऱ्यासाठी तो तेव्हा संपला नाही, कारण मराठी दिसत होती पण सापडत नव्हती.

याचं कारण फॉन्ट. जुन्या संगणकात एका फॉन्टमध्ये फार तर २५६ जागा. त्यातल्या बऱ्याच आधीच अडलेल्या. उरलेल्या जागांत देवनागरीचे तुकडे बसवायचे: काना, मात्रा, अर्धा त, अर्धा न, वरचा रफार. कोणता तुकडा कोणत्या जागी, हे प्रत्येक कंपनी आपल्या मर्जीने ठरवी. श्रीलिपीची मांडणी वेगळी, सी-डॅकच्या आयएसएममधल्या फॉन्टांची वेगळी, शिवाजीची वेगळी, कृतिदेवची वेगळी. मराठी वर्तमानपत्रं इंटरनेटवर आली ती आपापले फॉन्ट घेऊन. आधी फॉन्ट उतरवून घ्या, मग बातमी वाचा. फॉन्ट नसेल तर पडद्यावर इंग्रजी अक्षरं, टिंबं, कंस आणि पौंडाची चिन्हं यांचा काला. आणि शोधयंत्र वाचत होतं ते तो काला. त्याच्या लेखी ते पान मराठीच नव्हतं. एका दैनिकातला 'संत्रा' दुसऱ्या दैनिकातल्या 'संत्रा'शी जुळत नव्हता, कारण आत साठवलेली अक्षरं निराळी. ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांना अक्षराच्या डावीकडे दिसते, म्हणून या फॉन्टांत ती साठवलीही आधी जायची. 'विदर्भ' आतून वेलांटीनेच सुरू व्हायचा. काही प्रकाशकांनी या कटकटीपेक्षा पानाचं चित्रच टाकलेलं बरं असं ठरवलं. चित्र तर अल्टाव्हिस्टालाही वाचता येत नव्हतं आणि गुगललाही.

उपाय कागदावर केव्हाच तयार होता. भारत सरकारचं 'इस्की' हे मानक १९८८चं; त्यावर बेतलेली देवनागरीची १२८ जागांची पट्टी युनिकोडच्या पहिल्या, १९९१च्या आवृत्तीतच आली. पण मानक असणं आणि ते कॅफेतल्या संगणकात असणं यांत दहा-बारा वर्षांचं अंतर पडलं. विंडोज २०००मध्ये देवनागरी आली. एक्सपीमध्ये तिच्यासाठी एका चौकोनात खूण करून मूळ सीडी घालावी लागे. आपल्याकडच्या किती कॅफेंत मूळ सीडी होती, हा प्रश्न मी विचारत नाही. कॅफेत विंडोज ९८, त्यात दहा दैनिकांचे दहा फॉन्ट, आणि मराठी युनिकोडच्या पानावर ओळीने रिकामे चौकोन, असं चित्र बरीच वर्षं होतं. १ मे २००३ला मराठी विकिपीडिया सुरू झाला तेव्हाही तो वाचू शकणारे संगणक तालुक्यांत शोधावे लागले असते. माझ्या मते आपला सुरुवातीचा काळ युनिकोड कॅफेत पोचल्यावर संपला. मराठी शब्द टाकून मराठी पान पहिल्यांदा समोर आलं, तेव्हा.

तोवर 'कळमेश्वर'चं काय व्हायचं? रोमी अक्षरांत हे नाव तीन-चार तऱ्हांनी लिहिता येतं आणि सरकारी कागदांतही ते सगळीकडे एकसारखं नसतं. त्यात उत्तर कर्नाटकात धारवाड-बेळगावकडे कलमेश्वर या देवाची गावोगाव मंदिरं. ती सगळी शोधात पुढे यायची. या गावाबद्दल इंग्रजीत सलग लिहिलेलं म्हणजे मुख्यतः गॅझेटिअर. नागपूर जिल्ह्याचं इंग्रजांनी १९०८ साली काढलं, राज्य सरकारने १९६६ साली. पुढे राज्याने गॅझेटिअरं ऑनलाइन ठेवली तेव्हा एमआयडीसीत पत्र्याचे आणि औषधांचे कारखाने असलेल्या गावाची जगापुढची ओळख ही ते कारखाने येण्याआधीची होती. धापेवाड्याच्या विठोबाची यात्रा, मोहप्याचा बाजार, संत्र्याचा मृग बहार घ्यायचा की आंबिया, यावर गावागावांतल्या स्मरणिकांत आणि दिवाळी अंकांत कितीतरी छापलेलं होतं. ते सगळं श्रीलिपीत किंवा कृतिदेवमध्ये जुळवलेलं, पेजमेकरच्या फाइलींत, छापखान्याच्या संगणकात.

युनिकोडनेही सगळं सरळ केलं नाही, हे लेखकाने एका तळटीपेत आटोपलं आहे. मला त्यावर अख्खं प्रकरण आवडलं असतं. 'दऱ्या'मधला तो मराठीचा खास अर्धा र दोन तऱ्हांनी साठवता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखे, यंत्राला वेगळे. 'ॲप'मधल्या पहिल्या अक्षराला स्वतंत्र जागा मिळाली ती २००८ मध्ये. त्याआधी कुणी 'अ'वर चंद्र चढवला, कुणी हिंदीच्या वळणाचं 'ऍ' वापरलं. ते लेखन आजही तसंच पडून आहे. एका तऱ्हेने शोधणाऱ्याला दुसऱ्या तऱ्हेचं सापडेल याची खात्री देता येत नाही.

पुस्तकाची एक मर्यादा नोंदवतो. त्यात बायका कमी आहेत. निकालाची चिठ्ठी घेऊन आलेल्या आया दिसतात, संगणकापुढे बसलेल्या मुली फार दिसत नाहीत. कॅफेच्या त्या बंद खोक्यांत मुलींना जाऊ न देणारी घरं पुष्कळ होती आणि त्यांचे प्रश्न भावाच्या तोंडून विचारले गेले. २००१ नंतर एमएस-सीआयटीच्या संगणक-वर्गांनी हे थोडं बदललं, कारण वर्गाला जायला परवानगी मिळे. या बाजूने कुणीतरी पुन्हा लिहायला हवं.

बाकी हे पुस्तक सरळ पहिल्या पानापासून वाचण्याचं बंधन नाही. ज्यांना यंत्रांत रस नाही त्यांनी कॅफेच्या प्रकरणापासून सुरुवात करावी.

आणि एक विनंती, खास करून छापखाने आणि डीटीपी चालवलेल्यांना. जुन्या संगणकात, सीडीवर किंवा फ्लॉपीवर गावाची स्मरणिका, शाळेचा अंक, देवस्थानाची माहिती, कृषी मेळाव्याची पुस्तिका श्रीलिपीत किंवा कृतिदेवमध्ये पडून असेल, तर ती युनिकोडमध्ये बदलून घ्या. त्यासाठी परिवर्तक फुकट मिळतात. फ्लॉपी वाचली जात नसेल तर छापील प्रत तालुक्याच्या वाचनालयात नेऊन द्या. आणि फाइलला नाव देताना गावाचं नाव देवनागरीत लिहा.